खेकड्याच्या शिदोरीसाठी भांडुपपर्यंत

खेकड्याचे शुक्राणू पोहत नाहीत. त्यांना शेपूटच नसतं. ही माहिती मला मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या जिन्यात, हातात दुधाच्या बाटल्या असताना मिळाली. सांगणारी वृंदा, वरच्या मजल्यावरच्या देशमुखांची मुलगी. अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत ती खेकड्यांच्या जीवरसायनशास्त्रावर पीएच.डी. करते, हे इमारतीत सर्वांना माहीत होतं. नेमकं काय करते, हे विचारायला कोणी धजावत नसे, कारण उत्तर मिळण्याचा संभव होता.

"काका, भांडुपच्या खाडीत तुमची ओळख आहे ना?" तिने विचारलं.

ओळख होती. मिठागरांवर वर्तमानपत्रात लेख लिहिला तेव्हा दामू नावाच्या एका कोळ्याने मला होडीतून फिरवलं होतं.

"मग मला तिथे एक जोडपं मिळवून द्या."

जिन्यात त्या वेळी तळमजल्यावरच्या शहाकाकू होत्या. वृंदाने लगेच खुलासा केला, "खेकड्यांचं." काकूंच्या चेहऱ्यावरून खुलाशाने परिस्थिती सुधारल्याचं दिसलं नाही.

वाचकांपैकी बरेच जण माथेरानला आणि काही काश्मीरला जाऊन आले असतील. भांडुपची खाडी त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. भांडुपमध्ये राहणाऱ्यांनीही पाहिली असेलच असं नाही. म्हणून हे वर्णन.

अंधेरी

भांडुपला जाण्याआधी वृंदाने मला अंधेरीला नेलं. कशासाठी जायचं आहे ते नीट समजून घ्या, नाहीतर तिथे भलतंच काही सांगाल, असं तिचं म्हणणं. माझ्या व्यवसायाबद्दल तिचं मत एकूण असंच आहे.

तिची प्रयोगशाळा संस्थेच्या मागच्या इमारतीत आहे. बाहेरून ती सरकारी दवाखान्यासारखी दिसते आणि आत मासळीबाजारासारखा वास येतो. फरक इतकाच की इथे कोणी भाव करत नाही. भिंतीला लागून सिमेंटच्या टाक्या, त्यात खारं पाणी, प्रत्येक टाकीत एक खेकडा. एकेक का, असं मी विचारलं.

"दोन ठेवले की दुसऱ्या दिवशी एक असतो," ती म्हणाली.

मग तिने प्रश्न समजावून सांगितला. बहुतेक समुद्री प्राणी आपला ऐवज सरळ पाण्यात सोडून देतात आणि बाकीचं समुद्रावर सोपवतात. खाडीतला मोठा खेकडा तसा नाही. नर आपले शुक्राणू बारीक पुडक्यांत बांधून, घट्ट चिकट द्रवात बुडवून मादीला देतो. मादी ते सगळं पोटातल्या एका पिशवीत ठेवते आणि अंडी तयार होईपर्यंत, कधी कधी कित्येक महिने, जपते. इतके दिवस ते बिनशेपटीचे जीव जगतात कशावर? द्रवातल्या साखरेवर, असं वृंदाच्या आजवरच्या कामातून दिसत होतं. पण ती साखर कोणाची? नर शिदोरी बांधून देतो, की मादीने डबा आधीच भरून ठेवलेला असतो?

"थोडक्यात," वृंदा म्हणाली, "खर्च मुलाकडचा की मुलीकडचा."

तिचे मार्गदर्शक तेवढ्यात आत आले. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही तेच म्हणतो. कडक इस्त्रीचा सदरा, आणि बोलणंही त्याच धोब्याकडून आलेलं. जपान आणि इटलीतल्या सागरी प्रयोगशाळांत काम करून आलेले. मी वर्तमानपत्रातला आहे हे कळल्यावर त्यांनी टेबलावरच्या बाटल्यांची झाकणं घट्ट केली.

"हिने बाजारातल्या माद्या कापल्या," ते मला म्हणाले. "पिशवीत साखर सापडली. उत्तम. पण त्या मादीचा समागम कधी झाला? काल? की गणपतीत? मधल्या काळात काय काय झालं असेल. मग ती साखर कोणाची, हे कसं ठरवायचं?"

"समागम समोर झाला पाहिजे, आणि नमुना लगेच घेतला पाहिजे," वृंदा म्हणाली. हे वाक्य तिने पूर्वी बऱ्याचदा ऐकलेलं दिसलं.

"आणि या टाक्यांमध्ये ते आजवर का झालं नाही?"

"एकमेकांना खातात, सर."

"कोण कोणाला?"

"ज्याला जमेल तो, सर."

सरांनी मान हलवली. "होळीच्या आत प्रबंध द्यायचाय. नमुना मिळाला नाही तर ते प्रकरण काढून टाक. मोजमापं आहेत तेवढी पुरेत."

ते गेल्यावर वृंदा थोडा वेळ टाकीतल्या खेकड्याकडे बघत होती. प्रबंधातली बाकीची प्रकरणं त्या एका प्रकरणाच्या तयारीची होती, हे मला तेव्हा कळलं. ते काढलं तर खेकड्याच्या द्रवात काय काय असतं याची एक चांगली जंत्री उरणार होती. प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहणार होता.

वेसावे

अंधेरीहून वेसावे जवळ. भांडुपच्या आधी तिथे बघू, असं ठरलं. वेसाव्याच्या बाजारात कोळणी ओळीने बसतात आणि गिऱ्हाइकाला लांबूनच नावं ठेवायला सुरुवात करतात. वृंदाला त्या ओळखत होत्या.

"आली गो, पोटं फाडणारी आली," एक जण म्हणाली.

वृंदाने तिच्यापुढे उकिडवं बसून आपली गरज सांगितली. नर आणि मादी, जिवंत, बरोबर असलेले. जोडी हवी, सुटे नकोत. कोळणीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि "बस" म्हणाली. टोपलीत हात घालून तिने सर्वांत दांडगा नर काढला. मग अंड्यांनी भरलेली एक तितकीच दांडगी मादी काढली. खेकड्यांच्या नांग्या सुतळीने बांधायची इथली रीत आहे. बांधल्याशिवाय जिवंत खेकडा कोणी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. बाईने दोघांना समोरासमोर धरलं, एकच सुतळी दोघांभोवती फिरवली आणि गाठ मारली.

"घे. लगीन लावून दिलं. आता काय भटजीबी पाहिजे?"

शेजारच्या चौघींनी मंगलाष्टकांऐवजी हसून घेतलं.

वृंदा रागावली नाही. तिने समजावून सांगायचा प्रयत्न केला: मादी कात टाकते तेव्हाच, कवच मऊ असतानाच समागम होतो. त्याआधी काही दिवस नर तिला पोटाखाली धरून फिरतो. तशी धरलेली जोडी हवी. ही मादी कडक कवचाची होती, तिचा संसार कधीच आटोपला होता.

"मऊ झालेली बाजारात कोन आनतं?" कोळण म्हणाली. "हात लावला का फुटते. ती आमी घरीच खातो."

बांधलेलं जोडपं आम्ही घेतलं. न घेण्याची सोय नव्हती. वृंदाने ते माझ्याकडे दिलं आणि त्या रात्री ते मुलुंडला आमच्या घरी शिजलं. आम्ही मूळचे मालवणकडचे. आमच्याकडे याला कुर्ली म्हणतात, आणि पाय वाटून, गाळून त्या रसात भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण घालतात. वधूवरांबद्दल घरात कोणाची तक्रार आली नाही.

भांडुप: सकाळ

दामूला निरोप गेला होता. त्याचं उत्तर आलं: तशी जोडी मिळाली आहे, घंगाळात ठेवली आहे, लवकर या.

भांडुपला पूर्वेकडे उतरून हमरस्ता ओलांडला की शहर एकदम संपतं. पुढे मिठागरांचे चौकोन, त्यात उभं पाणी, कडेला मिठाचे पांढरे ढीग. ढिगांच्या मागे तिवरांची गर्द हिरवी रांग आणि तिच्या पलीकडे खाडी. थंडीचे दिवस होते, म्हणजे भांडुपमध्ये ज्याला थंडी म्हणतात ते. दोन माणसांनी कानटोप्या घातल्या होत्या. ओहोटीच्या वेळी, म्हणजे कोळी खेकडे धरायला उतरतात तेव्हा, चिखल उघडा पडतो आणि त्याला एक उग्र वास येतो. वृंदाने तो खोल श्वास घेऊन आत घेतला. मी तसं केलं नाही.

दामूचं घर वस्तीच्या टोकाला. पुढे शेणाने सारवलेला ओटा, त्यावर वाळत घातलेली जाळी, आणि मधोमध तांब्याचं जुनं घंगाळ. घंगाळात खाडीचं पाणी. त्यात एक हिरवट काळा नर, आणि त्याच्या पोटाखाली त्याने आपल्या पायांच्या पिंजऱ्यात धरून ठेवलेली मादी. दामू अभिमानाने बाजूला उभा होता.

वृंदा गुडघ्यावर बसली आणि घंगाळात वाकली. मग म्हणाली, "काका, हिच्या पाठीची मागची कड बघा. कवचाला भेग पडलीये. आजच टाकणार ही कात."

आणि खरोखरच तिने टाकली. नराने पकड सैल केली. मादी मागच्या मागे स्वतःमधूनच हळूहळू बाहेर आली. जुनं कवच डोळ्यांसकट, नांग्यांसकट जसंच्या तसं बाजूला पडलं आणि शेजारी तीच मादी, आकाराने मोठी, रबरासारखी मऊ. नर जवळच थांबला होता. वृंदाने पिशवीतून वही आणि घड्याळ काढलं. दामू पुढे वाकला. मीही वाकलो. शेजारच्या घरांतली चारपाच माणसं ओट्याच्या कडेला जमली.

तेवढ्यात आतून दामूची आई बाहेर आली. हिराबाई. वय झालेलं, पण आवाजाचं नाही.

"काय चाललंय यो?"

दामूने सांगितलं. नर मादीला अलगद उलटं करत होता.

हिराबाईंनी एक क्षण बघितलं. मग भिंतीला टेकवलेली मासळीची मोठी टोपली उचलली आणि घंगाळावर पालथी घातली.

"जोडप्याला बगत बसतं काय कोन? लाजा नाय तुमाला? जावा घरला!"

जमलेली माणसं पांगली. वृंदा उठून उभी राहिली.

"आजी, मला बघायचंच आहे. त्यासाठीच आलेय मी."

"लगीन झालं तुजं?"

"नाही."

"मग तू तर मुळीच बगायचं नाय."

भांडुप: दुपार

इथे नोंदवलं पाहिजे की हिराबाई मासळी विकतात. त्या दिवशी सकाळीही त्यांनी पुष्कळ खेकड्यांच्या नांग्या दुमडून, सुतळ्या आवळून टोपली बाजाराला पाठवली होती. खेकडा या प्राण्याविषयी त्यांच्या मनात हळवेपणा असल्याचा पुरावा मला तोवर मिळाला नव्हता. पण त्यांच्या घरी काही रीती होत्या, आणि घंगाळ त्यांच्या ओट्यावर होतं.

वृंदाने वाटाघाटी केल्या. समागम सुरू कधी झाला, संपला कधी, मध्ये सुटले का, एवढं तरी तिला कळायलाच हवं होतं. दामूला टोपली उचलायला सांगितली तर तो आईकडे बघून म्हणाला, "मना नाय जमणार." मी विवाहित असल्याचं पुढे केलं.

"बाप्यानं तर नायच," हिराबाई म्हणाल्या.

शेवटी तोडगा निघाला. हिराबाई स्वतः बघतील आणि सांगतील. वृंदा ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली, वही मांडीवर. अधूनमधून ती विचारायची, हिराबाई टोपलीची एक कड उचलायच्या, आत बघायच्या आणि कड खाली ठेवायच्या.

"हाय अजून."

"काय करतायत, आजी?"

"तुना काय करायचंय?"

"नर वर आहे ना? मादी उलटी आहे ना?"

"हाय अजून, सांगलं ना!"

वृंदाने लिहिलं. तिच्या वहीत त्या दुपारच्या पानावर वेळा आहेत आणि प्रत्येक वेळेपुढे "आहे अजून" एवढाच शेरा आहे.

खेकड्यांचं हे प्रकरण लांबतं, कित्येक तास चालतं, हे तिने मला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी बरोबर काही वाचायला आणलं असतं. दामू जाळं शिवत बसला. मध्येच हिराबाईंनी वृंदाची चौकशी सुरू केली. वय काय, घरी कोण, कितवीपर्यंत शिकली.

"अजून शिकते?"

"हो. हेच शिकतेय."

"चिंबोऱ्यांचं लगीन?"

"त्यांच्यातला द्रव. रस. त्यात साखर किती, प्रथिनं किती."

"तुझी आई काय बोलत नाय?"

"बोलते ना. रोज बोलते."

हिराबाई पहिल्यांदा हसल्या. टोपलीची कड उचलली, खाली ठेवली. "हाय अजून."

जेवायला त्यांनी आम्हाला आत बोलावलं. तांदळाची भाकरी आणि भरलेल्या चिंबोऱ्या. कवचात मसाल्याचं पीठ भरून, वरून दोरा गुंडाळून रश्शात शिजवतात. आमच्याकडे कुर्ली भरत नाहीत. पाट्यावर वाटलेल्या खोबऱ्याशिवाय रस्सा होऊ शकतो, हेही आमच्याकडे मान्य नाही. इथे खोबरं नव्हतं, मसाला घरचा होता, आणि मला कपाळ पुसावं लागलं. दोरा खायचा नसतो, हे कळेपर्यंत माझा थोडा वेळ गेला. ते दामूने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

वृंदा अर्धी भाकरी टाकून दोनदा बाहेर जाऊन आली. पाहुणीने ताटावरून उठावं हे हिराबाईंना आवडलं नाही. तरी स्वतःही उठून त्या टोपली बघून आल्या.

भांडुप: उतरती दुपार

उन्हं मिठागरांवर तिरपी आली तेव्हा हिराबाई टोपलीखाली बघून म्हणाल्या, "सुटली."

वृंदाने वेळ लिहिली आणि घाईघाईने पिशवी उघडली. कात्री, चिमटा, काचेच्या केसासारख्या बारीक नळ्या, बर्फाने भरलेला थर्मास. लगेच म्हणजे लगेच, असं सरांनी बजावलं होतं. तिने आधी नराला उचललं.

"त्याला काय करतंस?" हिराबाईंनी विचारलं.

"कापायचा. त्याच्या नळीतला रस घ्यायचाय. त्याने काय दिलं ते कळायला."

"काप. तेचा काम झाला."

नर ओट्यावरच कापला गेला. शुक्राणू जिथून जातात त्या नळीतून वृंदाने दुधासारखा घट्ट थेंब काढला, इवल्या बाटलीत घातला, बाटली बर्फात रोवली. उरलेला नर हिराबाईंनी उचलून चुलीकडे नेला. मग वृंदाने मादीसाठी हात पुढे केला. हिराबाई चुलीकडून परत आल्या होत्या.

"तिला नाय."

"आजी?"

"तिला नाय कापायची. माज्या ओट्यावर लगीन लागला तिचा. आजच्या आज मारतंस?"

"आजी, तिच्या पोटातली पिशवीच मला हवीये. त्याच्यासाठी तर हे सगळं."

"मना काय सांगू नको."

"सकाळी तुम्ही टोपलीभर विकायला पाठवल्या. त्या काय जगणार आहेत?"

"त्या विकाच्या व्हत्या. ही लगनाची हाय."

दामू म्हणाला, "आये, शिकलेली पोर हाय, तिचं काम हाय..." हिराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच राहिलं.

वृंदा घंगाळापाशी बसली. आता तिचं सगळं प्रकरण समोर पाण्यात होतं, मऊ, हात लावला तर फुटेल असं, आणि दर मिनिटाला शिळं होत होतं. तिने मादी हिसकावून पळावं अशी शक्यता माझ्या मनात येऊन गेली. तिच्याही आली असावी, कारण तिने रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग ती नळ्यांच्या डब्याकडे बघू लागली.

"हिच्या पोटाखाली दोन छिद्रं असतात," ती स्वतःशीच बोलावं तसं मला म्हणाली. "नराने जिथून दिलं तिथूनच... ही नळी जाड आहे. हिच्याहून बारीक मिळाली तर." आणि एकदम वळून, "आजी, स्टोव्ह आहे?"

स्टोव्ह होता. पंप मारून निळी ज्योत आली. वृंदाने काचेची नळी दोन्ही टोकांना धरून ज्योतीत फिरवली, काच लाल होऊन मऊ पडताच झटक्यात बाहेर काढून ताणली. नळी मधोमध केसाहून बारीक झाली आणि तुटली. दुसरी ओढली. ती टिकली.

हिराबाईंनी मादीला स्वतःच्या ओल्या तळव्यावर उताणी धरली. बाकी कोणाच्या हातात द्यायला त्या तयार नव्हत्या. वृंदाने पोटावर दुमडलेली झडप चिमट्याने अलगद उचलली आणि नळी आत सरकवली. काही आलं नाही. थोडी बाहेर, थोडी आत. मग नळीत पांढुरकं काहीतरी चढलं, थांबलं, आणखी थोडं चढलं.

"बस झाला," हिराबाई म्हणाल्या.

"एवढंच. झालं."

थेंब बाटलीत पडला. मादी घंगाळात परत गेली आणि तळाशी जाऊन बसली.

"आता सोडतो खाडीत," दामू म्हणाला.

"नको," वृंदा म्हणाली. "कवच कडक झालेलं नाही. तासाभरात कोणीतरी खाईल. एरवी काही दिवस नरच तिला सांभाळतो." ती थांबली. नर चुलीवर होता.

"टोपली हाय ना," हिराबाई म्हणाल्या, आणि टोपली पुन्हा घंगाळावर ठेवली.

पुन्हा अंधेरी

ती रात्र दोन्ही थेंबांनी आमच्या घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात काढली, कारण देशमुखांकडे फ्रीज नाही. सकाळी वृंदा थर्मास घेऊन निघाली. मीही गेलो. इतकं झाल्यावर रंग न बघता घरी बसणं शक्य नव्हतं.

रंग म्हणजे असा. द्रवातली प्रथिनं आधी काढून टाकतात. उरलेल्यात तीव्र आम्लात कालवलेलं एक पिवळं रसायन घालून नळी उकळत्या पाण्यात धरतात. साखर असेल तर हिरवा रंग येतो, साखर जास्त असेल तर तो गडद होतो. वृंदाने तीन नळ्या लावल्या. एकीत नुसतं पाणी, एकीत नराचा थेंब, एकीत मादीचा.

"मला एकच भीती आहे," ती म्हणाली. "नळीने काढताना घंगाळातलं पाणी आत गेलं असलं तर? कापून काढलं असतं तर हा प्रश्नच नव्हता."

नळ्या उकळत असताना सर आले. काही न विचारता उभे राहिले. पाण्याची नळी पिवळीच राहिली. नराची हलकेच हिरवी झाली, कोवळ्या पानासारखी. मादीची हिरवी झाली आणि थांबली नाही. शेवटी निळ्याकडे झुकली. वृंदाने त्या गार केल्या आणि उजेडात धरल्या. यंत्राने मोजायची गरज नव्हती, तरी तिने मोजलं. तिचे कान लाल झाले होते.

"पाणी मिसळलेलं असेल," सर म्हणाले.

"मिसळलं असेल, सर. पण पाण्याने रंग फिका होईल. गडद नाही होणार. नराने जे दिलं त्याहून जास्त साखर तिच्या पिशवीत आहे, आणि थेंब सुटल्या सुटल्या काढला, म्हणजे ती नंतर बनवायला तिला वेळ मिळालेला नाही. म्हणजे तयारी आधीची आहे. तिची."

सर नळ्या बघत राहिले. "समागम किती वेळ चालला?"

वृंदाने वही दिली. सरांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. "'आहे अजून'? हे निरीक्षण कोणाचं?"

"हिराबाईंचं."

"त्यांची पात्रता?"

"विवाहित आहेत, सर."

मी खिडकीकडे तोंड केलं.

"आणि मादी?"

"भांडुपला आहे. टोपलीखाली."

"मग आणून कापून बघू की."

"देणार नाहीत, सर."

सरांनी वही मिटली. "वृंदा, परीक्षक एका थेंबावर प्रकरण मान्य करणार नाहीत."

"माहीत आहे, सर. आणखी चारपाच जोड्या लागतील. पण आता न कापता काढता येतं, आणि तिथे ते एकमेकांना खात नाहीत. दामूदादा पकडून देतो म्हणालेत. हिराबाई ओटा देतात. फक्त त्यांची एक अट आहे."

"काय?"

"म्हणाल्या, मुलाकडचं कोणी वडीलधारं आलं नव्हतं. पुन्हा तसं चालणार नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मादीची नळी पुन्हा एकदा उजेडात धरून बघितली.

"भांडुपला ओहोटी केव्हा असते?" त्यांनी विचारलं.